झेब्राफिशच्या पिल्लात विषाणूचा माग

चिकनगुनियाचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो, सांधे मात्र महिनोन्महिने धरलेले राहतात. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत या रोगाची साथ आली होती आणि पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी तिचा तपशीलवार अभ्यास केला होता. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला. २००६मध्ये तो परतला तेव्हा देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. रुग्णाचं रक्त तपासलं की विषाणू आहे की नाही एवढं कळतं. ताप उतरल्यावर तो रक्तातून नाहीसा होतो. पण तो शरीरातून गेला की कुठे दडून बसला, कोणत्या अवयवात आधी शिरला, कोणत्या पेशींनी त्याला आवरलं, हे रक्ताच्या नमुन्यावरून समजत नाही.

विषाणुशास्त्राची ही जुनी अडचण आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये विषाणू छान दिसतो, पण बशीत ना रक्ताभिसरण असतं, ना यकृत, ना मेंदू. उंदरात हे सगळं असतं, पण ते कातडी, केस आणि हाडांच्या आड. पेशींच्या पातळीवर काय घडलं हे पाहायचं तर उंदीर मारून अवयवांचे काप घ्यावे लागतात. पहिल्या दिवशीचा उंदीर वेगळा, दुसऱ्या दिवशीचा वेगळा. एकाच शरीरातली आजाराची वाटचाल सलग पाहायला मिळत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली ती तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या एका माशाने. अंगावर निळसर आडवे पट्टे असलेला हा झेब्राफिश आपल्याकडे मत्स्यालयाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

हा मासा मूळचा आपल्याच भागातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ओढे, भातखाचरं, संथ वाहणारे पाट ही त्याची वस्ती. ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर असलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. डॅनिओ रेरिओ हे त्याचं शास्त्रीय नाव. प्रयोगशाळेत त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हा मासा पाळायला घेतला आणि १९८१ साली त्याच्या एकसारख्या जनुकांच्या पिढ्या तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्ट्रायसिंगर मुळात विषाणूंचे अभ्यासक होते. जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या जनुकांवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. त्यांनी मासा निवडला तो मज्जासंस्था कशी घडते हे समजून घेण्यासाठी. पण विषाणूच्या माणसाने आणलेला मासा पुढे विषाणूंच्याच कामी आला, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

पुढची मोठी मजल जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड आणि बॉस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीव्हर यांनी मारली. दोन्ही गटांनी माशांमध्ये हजारो जनुकीय बदल घडवून त्यांची छाननी केली आणि १९९६च्या डिसेंबरमध्ये एका संशोधन-नियतकालिकाचा अख्खा अंक या कामाने भरला. २०१३मध्ये झेब्राफिशचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार जनुक सापडतं. माणूस आणि मासा यांच्या वाटा सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे लक्षात घेतलं तर हा आकडा थोडा नाही.

विषाणूच्या अभ्यासात मात्र जनुकांच्या साम्यापेक्षा पिल्लाची पारदर्शकता जास्त महत्त्वाची ठरते. संध्याकाळी नर आणि मादी एका छोट्या टाकीत, मध्ये पडदा घालून ठेवतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढतात. थोड्या वेळात मादी अंडी सोडते आणि ती तळाच्या जाळीतून खाली पडतात. जाळी नसेल तर आईबापच ती खाऊन टाकतात. एका मादीकडून एका वेळी दोन-तीनशे अंडी मिळू शकतात. ती २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवली की सुमारे चोवीस तासांत हृदयाची धडधड सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. तीन दिवसांचं पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शेपटीतल्या शिरांतून एकेक रक्तपेशी धावताना दिसते.

संसर्ग देण्याचं काम हाताच्या कौशल्याचं असतं. पिल्लांना पाण्यातूनच भूल देतात आणि अगारोज या जेलीच्या थरावर कुशीवर निजवतात. काचेची बारीक नळी तापवून ओढली की केसापेक्षाही सूक्ष्म टोकाची सुई तयार होते. तिच्यात विषाणूंचं द्रावण भरून, हवेच्या दाबाने एक-दोन नॅनोलिटर एवढाच थेंब शिरेत किंवा पोटाखालच्या बलकात सोडतात. सुई जरा खोल गेली तर पिल्लू मरतं, उथळ राहिली तर थेंब बाहेरच सांडतो. सरावलेला हात एका बैठकीत शंभरावर पिल्लं उरकतो. विषाणूच्या जनुकसंचात हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचं जनुक आधीच बसवलेलं असतं. त्यामुळे विषाणू ज्या पेशीत वाढेल ती पेशी हिरवी चमकू लागते. माशाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी लाल चमकणाऱ्या असतील तर दोघांची गाठ कुठे आणि कधी पडली हेही जिवंत शरीरात, तासातासाला बघता येतं.

यातून काय हाती लागलं, याची दोन उदाहरणं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. दोन्ही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत झालेल्या कामातली आहेत. पहिलं आहे सामन आणि ट्राउट माशांना मारणाऱ्या एका विषाणूचं. हा रेबीजच्या विषाणूच्याच घराण्यातला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झेब्राफिशच्या पिल्लांना त्याची लागण केली तेव्हा एक विचित्र क्रम दिसला. आधी रक्ताचा प्रवाह मंदावतो, मग थांबतो. हृदय मात्र धडधडतच राहतं. नंतर पिल्लू स्पर्शाला दाद देईनासं होतं आणि शेवटी मरतं. हृदय चालू असताना रक्त का थांबावं? पिल्लात विषाणू कुठे आहे हे पाहिल्यावर उत्तर मिळालं. लागण झाल्यावर सहा तासांतच पहिल्या बाधित पेशी दिसू लागल्या आणि विषाणूचं मुख्य लक्ष्य निघालं ते शिरांचं आतलं अस्तर. ते फाटतं, रक्तस्राव होतो आणि अभिसरण तुटतं. मेलेल्या माशाची चिरफाड करून इतका स्पष्ट क्रम लावता आला नसता.

दुसरं उदाहरण चिकनगुनियाचं, २०१३ सालचं. मानवी रोगाचा विषाणू माशात वाढेल का, हाच पहिला प्रश्न होता. तो वाढला, तोही यकृत, जबडा, कल्ले, रक्तवाहिन्या अशा अनेक ठिकाणी. बहुतेक पिल्लं मात्र मेली नाहीत. काही दिवसांत शरीराच्या इतर भागांतून विषाणू हटला, मेंदूत मात्र टिकून राहिला. पिल्लांना वाचवलं ते इंटरफेरॉनने. विषाणू शिरल्यावर बाधित पेशी सोडतात तो हा रासायनिक इशारा. तो मिळालेल्या पेशी विषाणूविरोधी जनुकं चालू करतात. इंटरफेरॉन ओळखणारी यंत्रणा निकामी केली तेव्हा हाच संसर्ग प्राणघातक ठरला. इशारा देण्यात यकृताच्या पेशींबरोबर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही आघाडीवर आहेत, हे या कामातलं खरं नवल. न्यूट्रोफिल म्हटलं की जिवाणूंशी लढणारी पेशी, असंच आपण शिकतो.

मेंदूतल्या मुक्कामाचा मुद्दा केवळ माशापुरता नव्हता. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर एक तृतीयांश लोकसंख्या चिकनगुनियाने आजारी पडली, तेव्हा प्रसूतीच्या वेळी आईकडून लागण झालेल्या नवजात बाळांच्या मेंदूवर परिणाम झाल्याचं आढळलं होतं. विषाणू मेंदूत शिरतो कोणत्या वाटेने? २०१७मध्ये त्याच पाश्चर गटाने चिकनगुनिया आणि त्याचा नातेवाईक सिंडबिस या दोन विषाणूंची तुलना केली. सिंडबिस मज्जातंतूंच्या आतून मेंदूकडे सरकतो, तर चिकनगुनिया मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आधी ग्रासतो. इतके जवळचे दोन विषाणू, पण वाटा निराळ्या.

चिकनगुनिया माशात चालतो आणि इतर कित्येक मानवी विषाणू चालत नाहीत, याचं एक मोठं कारण तापमान. माणसाचं शरीर ३७ अंशांवर, झेब्राफिश २८ अंशांवर. डासातून माणसात आणि माणसातून डासात ये-जा करणाऱ्या विषाणूला दोन्ही तापमानं सवयीची असतात. फक्त माणसाच्या फुप्फुसात किंवा आतड्यात राहणाऱ्या विषाणूला ती सवय असेलच असं नाही. उलट थंड पाण्यातल्या माशांच्या विषाणूंसाठी झेब्राफिशला नेहमीपेक्षा गार पाण्यात ठेवावं लागतं, आणि मग त्याची प्रतिकारशक्तीही थोडी मंदावते. म्हणजे थर्मामीटरचा काटा विषाणू आणि मासा या दोघांवरही परिणाम करतो. कोणताही शोधनिबंध वाचताना पाण्याचं तापमान मी आधी शोधतो ते यासाठीच.

तापमानाचीच एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती विलक्षण आहे. माशाला आपल्यासारखा ताप येत नाही, पण आजारी मासा उबदार पाण्याकडे पोहत जातो आणि स्वतःचं अंग तापवून घेतो. विषाणूच्या आरएनएसारखा रेणू टोचलेले झेब्राफिश असं करतात आणि त्यामुळे त्यांची प्रतिकारयंत्रणा जोर धरते, हे २०१३मध्ये दाखवलं गेलं. पाळीव कार्पवर २०१७मध्ये झालेल्या कामात तर असं दिसलं की या माशांना होणारा नागीणवर्गीय विषाणू एक प्रथिन सोडून माशाची ही ऊब शोधण्याची प्रेरणाच लांबवतो. विषाणू यजमानाच्या वागण्यावर असाही ताबा मिळवतो, हे माशांत प्रत्यक्ष मोजलं गेलं.

आता औषधांकडे. उलटी-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस जगात दरवर्षी सुमारे ६८ कोटी लोकांना आजारी पाडतो आणि दोन लाखांच्या आसपास जीव घेतो. १९६८ साली अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली, तिच्या नमुन्यांत १९७२मध्ये तो पहिल्यांदा दिसला. पण पुढची चार दशकं तो प्रयोगशाळेत नीट वाढवताच आला नाही. विषाणू वाढवता येत नसेल तर त्यावरची औषधं तपासायची कशावर? २०१६मध्ये मानवी आतड्याच्या मूलपेशींपासून तयार केलेल्या लघुआतड्यांत तो वाढला, पण ती पद्धत खर्चीक आणि किचकट. २०१९मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या रेगा संस्थेतल्या गटाने रुग्णांच्या विष्ठेतून घेतलेला विषाणू तीन दिवसांच्या झेब्राफिश पिल्लांच्या बलकात टोचला. तो शंभरपटीहून अधिक वाढला, आतड्यात आणि यकृतात सापडला, आणि विषाणूची नक्कल रोखणारं एक रसायन दिल्यावर त्याची वाढ कमी झाली. चाळीस वर्षं अडलेलं काम एवढ्याशा पिल्लाने मार्गी लावलं. या माशाचं सर्वांत व्यवहारी यश कोणतं असं विचारलं, तर मी याच अभ्यासाकडे बोट दाखवेन.

इतर काही प्रयत्नही नोंदवण्याजोगे आहेत. २००८मध्ये प्रौढ झेब्राफिशच्या पोटात हर्पिसचा विषाणू टोचला तेव्हा तो मेंदूपर्यंत पोचला आणि असायक्लोव्हिर या औषधाने त्याला आळा बसला. २०१४मध्ये अमेरिकेतल्या मेन विद्यापीठात कॅरोल किम यांच्या गटाने पिल्लांना फ्लूची लागण केली आणि झानामिव्हिर हे फ्लूचं औषध दिल्यावर ती जास्त संख्येने जगली. माशाला फुप्फुसं नसतात, पण हवेने भरलेलं वाताशय असतं. फ्लूच्या विषाणूने त्याच्या अस्तरात घर केलं.

फ्लूच्या यशामुळे कोविडच्या काळात आशा वाढल्या होत्या. त्यांचं काय झालं हे नीट सांगायला हवं. कोविडचा विषाणू सार्स-कोव्ह-२ झेब्राफिशच्या पिल्लात अनेक मार्गांनी टोचून पाहिला गेला. बहुतेक ठिकाणी त्याचं प्रमाण वाढण्याऐवजी घटतच गेलं. वाताशयात टोचल्यावर काही पिल्लांत थोडी वाढ दिसली, तीही अर्धवट राहिल्यासारखी. मानवी पेशीत शिरण्यासाठी विषाणू ज्या प्रथिनाचा आधार घेतो ते माशात घालूनही फारसा फरक पडला नाही. २०२२मध्ये हे निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध झाले, याचं मला कौतुक वाटतं. फसलेले प्रयोग बहुधा कपाटातच राहतात. याच काळात विषाणूऐवजी त्याचं फक्त टोकदार प्रथिन पिल्लांना टोचून दाह कसा होतो याचेही अभ्यास झाले. ते आपल्या जागी उपयोगी आहेत, पण प्रथिन टोचणं म्हणजे संसर्ग नाही. जिथे विषाणू वाढत नाही तिथे विषाणुजन्य रोगाचं प्रारूप मिळालं असं म्हणणं चूक आहे, आणि या विषयावरच्या बातम्या वाचताना वाचकांनी हा फरक डोळ्यांआड होऊ देऊ नये.

पद्धतींमध्येही खाचखळगे आहेत. एखादं जनुक बंद पाडण्यासाठी वर्षानुवर्षं मॉर्फोलिनो नावाचे कृत्रिम रेणू अंड्यात टोचले जात. २०१५मध्ये असं दिसून आलं की मॉर्फोलिनोने दिसणारे अनेक परिणाम खरोखर जनुक काढून टाकलेल्या माशांत दिसतच नाहीत. २०१९मध्ये त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. मॉर्फोलिनो स्वतःच इंटरफेरॉनची जनुकं जागी करू शकतात. म्हणजे विषाणूला मिळणारा प्रतिसाद मोजायचा म्हणून वापरलेलं साधनच तो प्रतिसाद निर्माण करतं! त्यामुळे क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने कायमचे बदल केलेल्या माशांवर पडताळून पाहिल्याशिवाय जुने निष्कर्ष तसेच्या तसे धरून चालणार नाही.

दुसरा धडा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातून आला. तिथल्या गटाने विषाणूविरोधी जनुक चालू झालं की हिरवे चमकणारे मासे तयार केले होते. कोणताही विषाणू न टोचता त्यातले काही मासे चमकायला लागले. शोध घेतल्यावर त्यांच्यात झेब्राफिशचा स्वतःचा एक नैसर्गिक विषाणू सापडला. तो पोलिओच्या विषाणूच्या घराण्यातला आहे. जगभरातल्या इतर प्रयोगशाळांनी आधीच प्रसिद्ध केलेल्या आरएनए-माहितीतही त्याच्या खुणा निघाल्या. २०२०मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना आपल्या टाक्यांकडे पुन्हा बघावं लागलं असणार. निरोगी समजलेले मासे आधीच संसर्गित असतील तर प्रतिकारशक्तीची मोजमापं कितपत धरायची, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण या शोधाने फायदाही झाला: माशाला आणि विषाणूला एकमेकांची ओळख असलेली एक नैसर्गिक जोडी अभ्यासकांना मिळाली.

पिल्लावरच्या निष्कर्षांना आणखी एक मर्यादा आहे. प्रतिपिंडं आणि आठवण ठेवणाऱ्या पेशींची यंत्रणा या माशात चार ते सहा आठवड्यांनी कार्यक्षम होते. तोवर सगळी मदार जन्मजात प्रतिकारावर. इंटरफेरॉनचं काम वेगळं काढून अभ्यासायला ही स्थिती उत्तम; लशीचा अभ्यास करायचा तर पिल्लू निरुपयोगी. प्रौढ मासा घ्यावा तर तो पारदर्शक नसतो. बॉस्टनच्या लेनर्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेने २००८मध्ये रंगपेशी नसलेली कॅस्पर ही जात तयार केली, तिने थोडी वाट मोकळी झाली आहे.

आतापर्यंतचं बरंचसं मानवी रोगांच्या बाजूने झालं. माशांचे स्वतःचे विषाणूही तेवढेच महत्त्वाचे आहेत, आणि कोकणात तर जास्तच. रायगडच्या तळ्यांत पाळला जाणारा जिताडा मासा जगभर ज्या विषाणूंना बळी पडतो त्यांत मज्जासंस्था पोखरणारा नोडाव्हायरस आहे. लहान पिल्लं गोल गोल पोहू लागतात आणि अख्खी तुकडीच्या तुकडी दगावते, मोठे मासे मात्र बऱ्याचदा तगतात. २००८मध्ये झेब्राफिशमध्ये हाच फरक दिसला: पिल्लांत तीव्र आजार आणि मृत्यू, प्रौढांत दीर्घकाळ टिकणारा संसर्ग. पिल्लांचा इंटरफेरॉन प्रतिसाद कमी पडत होता. जपानमधल्या मेडाका या छोट्या माशातही नोडाव्हायरसचे प्रयोग झाले आहेत. मत्स्यपालकाच्या दृष्टीने लस कोणत्या वयात द्यावी या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

माशाला वेदना होत नाहीत असा समज प्रयोगशाळांबाहेर अजून आहे. युरोपीय महासंघाच्या कायद्यानुसार मात्र स्वतः खाऊ लागलेलं पिल्लू, म्हणजे सुमारे पाच दिवसांच्या पुढचं, संरक्षित प्राणी मानलं जातं. तिसऱ्या दिवशी टोचलेलं पिल्लू आठव्या दिवसापर्यंत पाहायचं तर ही रेषा ओलांडावी लागते, आणि ती परवानगी घेऊनच ओलांडली पाहिजे.

भारतात झेब्राफिशवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आता बऱ्याच आहेत. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवविज्ञान संस्था, दिल्लीची जनुकशास्त्र संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था ही त्यातली काही नावं. त्वचा, हृदय, जनुकं यांवर तिथे दर्जेदार संशोधन झालं आहे. दुसरीकडे, १९५२पासून विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे. तिच्याकडे चिकनगुनियाच्या साथींचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. माशाचा अनुभव आणि विषाणूचा अनुभव एकाच शहरात असताना भारतीय रुग्णांतून घेतलेले चिकनगुनियाचे विषाणू माशात कसे वागतात, सांधेदुखी रेंगाळवणारे आणि न रेंगाळवणारे प्रकार वेगळे दिसतात का, हे तपासणारा संयुक्त कार्यक्रम उभा राहायला हवा. उंदरांपेक्षा हे मासे पाळायला खर्चही कमी येतो. संशोधनाला निधी देणाऱ्यांनी आणि या दोन्ही क्षेत्रांतल्या तरुण संशोधकांनी याचा गांभीर्याने विचार करावा.